आजीचं कोपर आणि मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर

माझ्या थ्रीडी फिल्ममधल्या आजीचं कोपर दुमडलं की आतल्या बाजूने चपटं व्हायचं, झाडांना पाणी घालायचा पाइप मधेच वाकवला की होतो ना, तसं. रात्रीचे साडेबारा वाजलेले, रिग (आतला हाडांचा सांगाडा) तयार, दोन दिवस बसून वेट्स (कुठलं हाड कातडीला किती ओढणार ते) रंगवलेले, आणि पहिल्याच पोझला हे. आधी मी वेट्सच्याच मागे लागले, मग जॉइंट थोडा मागे सरकवून पाहिला, शेवटी वायरफ्रेम (नुसती जाळी) लावली तेव्हा दिसलं की दोष रिगमध्ये नाहीच, कोपराशी मी एकच एज लूप (हाताभोवती फिरणारी जाळीची कडी) दिली होती. एका लूपवर कोपर वाकत नाही, किमान तीन लागतात, एक मधोमध आणि दोन्हीकडे एकेक, आणि त्या बाहेरच्या बाजूला जरा फाकलेल्या नि आतल्या बाजूला जवळ आलेल्या असल्या की दुमडताना मांस नीट बसतं. बारा वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेली कॅरेक्टर्स ॲनिमेट केलीत आणि दर वेळी मॉडेलिंगच्या टीमला हेच सांगत आलेय.

या वेळी मॉडेल माझंच होतं. चार मिनिटांची फिल्म करतेय, एकटीने, घरी. पहाटेची वेळ, आजी जात्यावर दळतेय, अंगणात कोंबडी, एवढंच. आणि ती करताना मॉडेलिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर मी जेवढा विचार केला तेवढा बहुतेक कथेवरही नाही केला. मला हा प्रश्न नवीन मुलं कायम विचारतात, नुकताच एका मुलीनेही विचारला, ताई ॲनिमेशन मायात (ऑटोडेस्क कंपनीचं थ्रीडी सॉफ्टवेअर) करणार पण मॉडेलिंग कशात करू, आणि मी आजवर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी व्हायचे. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

मुळात दोन सॉफ्टवेअर कशाला हे आधी. मायात मॉडेलिंग होत नाही असं अजिबात नाही, चांगलं होतं. माझं कारण अगदी व्यवहाराचं आहे. ॲनिमेशनसाठी माझी बोटं मायाच्या ग्राफ एडिटरवर (हालचालीच्या रेषा सुधारायची खिडकी) बसलीत, तिथे मला विचार करावा लागत नाही, ते मी सोडणार नाही. पण ऑटोडेस्कने २०१६ पासून नवीन कायमची लायसन्स विकणं बंद केलंय, माया भाड्यानेच घ्यावं लागतं, महिन्याचं किंवा वर्षाचं. (शिकणाऱ्यांना शैक्षणिक लायसन्स फुकट मिळतं, पण त्यावर पैशाचं काम करायचं नाही.) आता एकट्या माणसाला आजी, जातं, चूल, अंगण, कोंबडी हे सगळं बनवायला सहा-सात महिने लागणार, तेवढे महिने भाडं भरायचं आणि ग्राफ एडिटर उघडायचाही नाही, हे मला परवडत नव्हतं. मग ठरवलं की मॉडेलिंग दुसरीकडे करायचं आणि ॲनिमेशनला बसेन त्या महिन्यांपुरतंच माया घ्यायचं.

आणि ही पद्धत जुनीच आहे बरं का. लाइटवेव्ह हे थ्रीडी सॉफ्टवेअर १९९० मध्ये व्हिडिओ टोस्टर नावाच्या व्हिडिओच्या कार्डाबरोबर आलं, त्यात मॉडेलर आणि लेआउट हे दोन वेगळे प्रोग्रॅमच होते, एकात बनवायचं आणि दुसऱ्यात हलवायचं. फक्त ते एकाच घरचे होते, एकमेकांची फाइल त्यांना कळायची. आपण जोडी जमवतो ती दोन वेगळ्या घरांची असते आणि सगळी भानगड मधल्या उंबऱ्यावर होते.

म्हणून मला वाटतं की मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर त्यात किती टूल्स आहेत यावर निवडू नये. मॉडेल तिकडे गेलं की संपलं असं होत नाही, ते परत येतं. कोपर चपटं झालं म्हणून येतं, ओठ नीट मिटत नाहीत म्हणून येतं, पापणी डोळ्याच्या आत घुसते म्हणून येतं. माझी आजी आत्तापर्यंत नऊ वेळा आलीय. त्यामुळे बघायचं ते हे, की नवव्यांदा आलेलं मॉडेल दुरुस्त करून परत पाठवताना आधी केलेलं रिगचं आणि चेहऱ्याचं काम शाबूत राहतं का.

आता मी काय काय पाहिलं ते सांगते.

विंग्ज थ्रीडी माझं पहिलं प्रेम. कॉलेजात असताना साध्या कॉम्प्युटरवर हेच चालायचं, २००१ पासूनचं आहे, अर्लांग भाषेत लिहिलेलं, फुकट, आणि त्यात ॲनिमेशन नाहीच. राइट क्लिक केलं की जे सिलेक्ट केलंय त्याला लागू असलेलाच मेनू येतो, नवशिक्याला यापेक्षा सोपं मी तरी पाहिलेलं नाही. तीन दिवसांत मी त्यात जातं बनवलं, वरची तळी, खालची तळी, खुंटा, तोंडाची कड झिजलेली, मस्त झालं. पण आजीचा पदर करायला घेतला आणि थांबले. विंग्जची आतली रचनाच अशी आहे की त्याला वस्तू चहूबाजूंनी बंद लागते. पदर म्हणजे उघडं पातळ कापड, त्याला मागची बाजू नसते, तिथे मग नको ती फेस (जाळीतला सपाट तुकडा) होल म्हणून ठरवून द्यायची वगैरे उपाय करावे लागतात. एखाद्या भांड्याला चालेल, पण माझ्या फिल्मभर कापडच कापड आहे. जातं मात्र अजून तेच वापरतेय, विंग्जमधलं.

सायलो नेव्हरसेंटरचं, फक्त मॉडेलिंग आणि यूव्ही (चित्र चढवायला पृष्ठभाग सपाट उलगडणं), एकदा विकत घेतलं की झालं, भाडं नाही. स्वच्छ आहे, हलकं आहे. पैसे द्यायचे नसते तर प्रश्न नव्हता आणि द्यायचे तर मला शिकवणारी माणसं आणि व्हिडिओ हवे होते, ते फुकट मिळणाऱ्या ब्लेंडरला जेवढे आहेत तेवढे याला नाहीत. झीब्रशमध्ये चेहरा घडवायला खूप मजा येते, सुरकुत्या तर अशा येतात की हात लावून बघावंसं वाटतं, पण तिथून निघणारी जाळी लाखो पॉलिगॉनची, तिच्यावरून पुन्हा हलकी जाळी विणावीच लागते. त्यातलं झीरीमेशर ते आपोआप करतं आणि छान करतं, फक्त दर वेळी चालवलं की नवी जाळी, नवे बिंदू, नवा क्रम. नऊ वेळा परत येणाऱ्या मॉडेलला हे जमत नाही. झीब्रश घ्या, पण मूर्ती घडवायला घ्या, ॲनिमेशनला जाणारी जाळी दुसरीकडे हाताने विणा. थ्रीडीएस मॅक्सचा विचारच केला नाही, तेही भाड्याने आणि फक्त विंडोजवर. अंगणाच्या मागचं घर ओळखीच्या एका आर्किटेक्टने स्केचअपमध्ये करून दिलं, सेटला ते चाललं कारण घर वाकत नाही.

मोडोचं मला खरंच वाईट वाटतं. लाइटवेव्ह लिहिणारी माणसं बाहेर पडली, त्यांनी लक्सॉलॉजी ही कंपनी काढली, २००४ मध्ये मोडो आणलं, आणि मॉडेलिंगवाले लोक त्याचं नाव आजही आदराने घेतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ते नंतर ज्यांच्याकडे गेलं त्या फाउंड्रीने त्याचा पुढचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी २०१४ मध्ये ऑटोडेस्कने सॉफ्टइमेज बंद करत असल्याचं सांगितलं होतं, तेव्हा मी नोकरीत नवीन होते आणि आमच्यातले दोन सीनियर, ज्यांचं अख्खं करिअर सॉफ्टइमेजवर उभं होतं, दिवसभर गप्प बसून होते. तो दिवस डोक्यात राहिलाय. दीड-दोन वर्षांच्या फिल्मसाठी हे बघावं लागतं, की मधेच हे सॉफ्टवेअर थांबलं तर माझ्या फाइली कोण उघडणार.

ब्लेंडरच्या बाजूने माझं मन वळलं त्याला हेही एक कारण. त्याच्यामागची कंपनी २००२ मध्ये बंद पडली होती. तेव्हा टॉन रोझेनडाल यांनी लोकांना आवाहन केलं आणि सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, त्यातून ब्लेंडर सोडवून घेतलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुक्त केलं. आता ते कुणा एका मालकाच्या निर्णयावर अवलंबून नाही. जुलै २०१९ च्या २.८० पासून त्यात लेफ्ट क्लिकने सिलेक्ट होतं, आधीचं राइट क्लिकचं प्रकरण मला कधी झेपलंच नव्हतं. मायावाल्यांसाठी इंडस्ट्री कंपॅटिबल नावाचा कीमॅपही (शॉर्टकटचा संच) आहे, मी तो पंधरा दिवस वापरला आणि मग मूळच्यावर गेले, कारण सगळे शिकवणारे मूळच्या शॉर्टकटनेच बोलतात आणि दर मिनिटाला मनात भाषांतर करत बसावं लागतं.

पण निवडायच्या आधी मी उंबऱ्यावरची परीक्षा घेतली, आणि हे प्रत्येकाने करावं असं मी आता सगळ्यांना सांगते, कॅरेक्टरला हात लावायच्या आधी, एक चौकोनी ठोकळा आणि एक साधा वाकणारा हात घेऊन. अर्धा दिवस लागतो.

पहिली गोष्ट उंची. ब्लेंडर मीटरमध्ये मोजतं आणि त्याची वरची दिशा झेड, माया सेंटिमीटरमध्ये मोजतं आणि वरची दिशा वाय. माझी आजी १.५२ मीटर, म्हणजे मायात ती १५२ भरली पाहिजे. एफबीएक्स (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेणारी फाइल) एक्स्पोर्ट करताना ॲप्लाय स्केलिंग्ज नावाचा पर्याय आहे, मी तो न बदलता पाठवलं, तर मायात आजी दिसायला बरोबर पण तिच्या स्केलमध्ये १०० बसलेला आणि रोटेशनमध्ये उणे ९०. दिसायला बरोबर म्हणून मी पुढे रिग केलं आणि मग स्किनिंगमध्ये (कातडी हाडांना बांधताना) सगळं वाकडं, चार दिवस गेले. चूक माझीच, ब्लेंडरमध्ये कंट्रोल-ए करून आधी ट्रान्सफॉर्म साफ करायचे, मायात आल्यावर चॅनेल बॉक्स बघायचा, स्केल एक आणि बाकी शून्य असल्याशिवाय पुढे जायचं नाही, गरज पडली तर फ्रीझ करायचं (आकडे मूळपदावर आणायचे). आता हे हात धुण्यासारखं झालंय.

एफबीएक्स मुळात आलं कुठून हे कळल्यावर मला त्याच्या बऱ्याच सवयी समजल्या. कायदारा नावाच्या कंपनीचं फिल्मबॉक्स होतं, मोशन कॅप्चरसाठी, त्याचंच पुढे मोशनबिल्डर झालं, आणि त्या फिल्मबॉक्सची फाइल म्हणजे एफबीएक्स. म्हणजे ते हाडं आणि हालचाल वाहून न्यायला जन्मलं. ओबीजे ही दुसरी फाइल त्याहून जुनी, वेव्हफ्रंटचं, त्याला हाडं वगैरे माहीतच नाहीत, बिंदू, फेस, यूव्ही, नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) एवढंच. म्हणून मी चेहऱ्याचे आकार पाठवायला अजून ओबीजेच वापरते, त्यात गडबड व्हायला जागाच कमी.

दुसरं म्हणजे नावं. ब्लेंडर एका नावाच्या दोन वस्तू झाल्या की मागे टिंब आणि ००१ लावतं. मायाला नावात टिंब चालत नाही, तिथे त्याचं एफबीएक्सएएससी०४६००१ असं काहीतरी लांबलचक शेपूट होतं, ०४६ म्हणजे टिंबाचा आस्की क्रमांक. नावात जागा सोडली तर ०३२. दोनशे वस्तूंच्या सीनमध्ये हे आलं की शोधताना जीव जातो. मायात नोडच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं, त्यामुळे देवनागरी नावं देण्याची माझी फार इच्छा होती ती सोडावी लागली, रोमन अक्षरांत खुंटा, तळी, पदर, कासोटा अशी लिहिते. इंग्रजी प्रतिशब्द मात्र मुद्दाम वापरत नाही, कासोट्याला दुसरं नाव का द्यायचं.

तिसरं, कडा मऊ की टणक. ब्लेंडरच्या एक्स्पोर्टमध्ये स्मूदिंग हे मूळ सेटिंगवर ठेवलं तर मायात स्मूदिंगची माहिती नाही असा इशारा येतो, तिथे एज निवडायचं, झालं. सबडिव्हिजन मॉडिफायर (जाळी आपोआप गुळगुळीत करणारं टूल) बंद करून साधा पिंजराच पाठवायचा, मायात तीनचं बटण दाबलं की तोच गुळगुळीत आकार दिसतो, कारण दोन्हीकडे पद्धत कॅटमुल आणि क्लार्क यांची, १९७८ ची, आजही तीच.

चौथं, बिंदूंचा क्रम, आणि निवड करताना खरी परीक्षा हीच. जाळीतल्या प्रत्येक बिंदूला एक नंबर असतो. शांत चेहरा आणि हसरा चेहरा यांची मायात ब्लेंड शेप (एका आकारातून दुसऱ्यात सरकणं) करायची तर ८१२ नंबरचा बिंदू दोन्हीकडे ओठाच्या त्याच कोपऱ्यावर असला पाहिजे. मधे एक बिंदू वाढला, एक लूप टाकली, की सगळे नंबर सरकतात आणि चेहरा कागदाच्या बोळ्यासारखा होतो. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मी एवढंच केलं, एक डोकं पाठवलं, परत उघडलं, नाक ओढलं, पुन्हा पाठवलं, आणि बघितलं की नाकच हललं का. ब्लेंडर पास झालं, मिरर मॉडिफायर (एक बाजू दुसरीकडे उमटवणारा) आधीच कायमचा केलेला असला तर. (शेप की, म्हणजे ब्लेंडरमधल्या ब्लेंड शेप, असतील तर मॉडिफायर लावून एक्स्पोर्ट करू नका, शेप की येत नाहीत.)

आता नऊवारी. ही गोष्ट मला कुठल्या ट्युटोरियलमध्ये मिळाली नाही. परदेशी कॅरेक्टर शिकवणारे झगा म्हणजे एक नळकांडं असं करतात आणि त्यात दोन पाय सोडतात. नऊवारी तशी नाहीच, कासोटा मागे खोचलेला असतो म्हणजे प्रत्येक पायाला आपापलं कापड असतं, त्यामुळे ॲनिमेशनला ती खरं तर सहावारीपेक्षा कितीतरी सोपी, पाय मोकळे टाकता येतात. पण जाळी तशीच विणायला हवी, धोतरासारखी दोन पायांत वाटलेली, आणि पुढच्या निऱ्या वेगळ्या. मी पहिल्यांदा निऱ्या फार वर खोचल्या होत्या, आई मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, "अगं एवढ्या वर नसतात, आणि जात्यावर बसताना एक पाय लांब सोडतात, एक दुमडतात, तुझी आजी अशी बसली तर साडी फाटंल की." मग मावशीला बोलावलं, तिने नऊवारी नेसून तसं बसून दाखवलं, मी चारही बाजूंनी फोटो काढले. त्या एका बैठकीने माझी अर्धी टोपोलॉजी (जाळीची वीण) बदलली. दुमडलेल्या गुडघ्यावर निऱ्या ताणतात आणि लांब सोडलेल्या पायावर त्या बाजूला ओघळतात, म्हणजे गुडघ्याच्या तिन्ही लूप्स निऱ्यांमधून आरपार गेल्या पाहिजेत, मधेच संपल्या तर तिथे कापड मोडतं.

आणि कोपर तर या फिल्मचा जीवच आहे. खुंटा धरून जातं फिरवताना प्रत्येक फेऱ्यात हात पूर्ण लांब होतो आणि पूर्ण दुमडतो, माझा एक फेरा ३६ फ्रेमचा, म्हणजे दीड सेकंदाला एकदा कोपर उघडतं नि मिटतं, चार मिनिटांपैकी जवळजवळ तीन मिनिटं. वर चोळीची बाही कोपराच्या जरा वर संपते, म्हणजे कापडाची कड आणि हाड अगदी शेजारी शेजारी.

त्या रात्री कोपराला दोन लूप्स वाढवल्या तर प्रश्न हा होता की चेहरा आणि धड मी एकाच जाळीत ठेवलं होतं, चेहऱ्याचे २४ आकार तयार होते, आणि कोपरात बिंदू वाढले की ते सगळे गेले. मग डोकं वेगळं केलं आणि जोड गळ्यातल्या माळेखाली झाकला. चेहऱ्याचे आकार पुन्हा काढावे लागले, नऊ दिवस, पण त्यानंतर धडात काहीही बदललं तरी चेहऱ्याला धक्का लागत नाही. धडाचे वेट्स मायाच्या कॉपी स्किन वेट्सने जुन्या जाळीवरून नव्यावर घेतले, बहुतेक सगळे नीट बसले, खांद्यापाशी थोडी डागडुजी. आणि नुसता आकार बदलायचा असेल, बिंदू न वाढवता, तर ती दुरुस्त जाळी स्किनच्या आधी बसणारी ब्लेंड शेप म्हणून लावते, रिगला हातही लावावा लागत नाही.

ज्यांना मोशनबिल्डर किंवा कॅस्केडरसारख्या ठिकाणी ॲनिमेशन करायचंय त्यांना तर मॉडेल बाहेरूनच आणावं लागतं, त्यांनी ही परीक्षा हाडांसकट घ्यावी, नुसत्या ठोकळ्याची पुरणार नाही. आणि जे अगदी पहिल्यांदा शिकतायत, ज्यांची बोटं अजून कुठेच बसलेली नाहीत, त्यांनी दोन सॉफ्टवेअरच्या मागे लागूच नये, सगळं ब्लेंडरमध्येच करावं, ॲनिमेशनसुद्धा. हे मी मायावर पोट भरलेली असून मनापासून सांगतेय. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीलाही हेच विचारलं की तुझी मायाची नोकरी आहे की तू शिकतेयस, ती म्हणाली सहा महिन्यांपासून शिकतेय. मग तिला म्हटलं एक वर्ष उंबरा ओलांडू नकोस.

आज सकाळी नववं कोपर मायात गेलं. उंची १५२, स्केल एक, नावात शेपूट नाही. खुंटा धरून एक फेरा फिरवला, ३६ फ्रेम, आतून चपटं झालं नाही, चोळीची कड कातडीत घुसली नाही. आईला दाखवलं, ती म्हणाली हात बरा आहे, पण दळताना डोईवरचा पदर असा जागच्या जागी राहत नाही, घसरतो नि मधेच सावरावा लागतो. म्हणजे आता पदर ब्लेंडरमध्ये परत.